कूपे मिळाला, तरी झोप का लागत नाही? बेळगावहून रात्रीच्या गाडीनं निघणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून मुलांकडे, दवाखान्याला किंवा कामासाठी बेंगळुरूला जाणारे बरेच जण हल्ली आई-वडिलांसाठी तरी फर्स्ट एसीचं तिकीट काढतात. मुंबईला जाणारे मिरज गाठून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडतात. दार असलेली स्वतंत्र खोली, मोजकी माणसं, रुंद बर्थ. एवढं असूनही सकाळी उतरताना तोंडं सुजलेलीच दिसतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: गाडीत चढल्या चढल्या अंथरूण घालून आडवं व्हायचं आणि बाकीची कामं रात्रभर उठून उठून करायची. तिकीट तपासणी, जेवण, बाथरूम, औषध, एसीचा झोत, पडदा ही सगळी कामं आधी उरकून अंथरूण शेवटी घालायचं. पुढचे टप्पे त्याच क्रमानं दिले आहेत. क्रम मोडू नका, वस्तू थोड्याफार कमी-जास्त झाल्या तर चालेल.

## 1. तिकीट काढताना

आधी त्या गाडीला फर्स्ट एसी, म्हणजे 1ए, आहे का बघा. रात्रीच्या प्रत्येक गाडीला तो असेलच असं नाही. डब्यावर एच1 लिहिलं असेल तर अख्खा डबा फर्स्ट एसीचा असतो. एचए1 असेल तर अर्धा फर्स्ट एसी आणि उरलेला टू-टियर असतो, म्हणजे खोल्या मोजक्याच.

खोल्या दोन प्रकारच्या असतात: दोन बर्थचा कूपे आणि चार बर्थची केबिन. दोघांना कूपे हवा असेल तर दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. मुलानं बेंगळुरूहून आईचं काढलं आणि वडिलांनी इथून आपलं काढलं, अशा दोन वेगळ्या पीएनआरना एकच कूपे मिळेल ही आशा सोडून द्या. एका पीएनआरवर दोघं असले म्हणजे कूपे नक्की, असंही नाही. फक्त शक्यता वाढते.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर 2024पासून हीच मुदत आहे). फर्स्ट एसीत तत्काळ नाही आणि आरएसीही (अर्धा बर्थ वाटून घेऊन बसायची सोय) नाही. "आदल्या दिवशी बघू" म्हणणाऱ्याला ही खोली सहसा मिळत नाही.

जपा: साध्या एक्सप्रेसच्या फर्स्ट एसी भाड्यात जेवण येत नाही. राजधानीत येतं म्हणून इथंही येईल असं धरून उपाशी चढणारे दर हंगामात भेटतात.

## 2. चार्ट लागेपर्यंत आणि लागल्यावर

तिकिटावर कन्फर्म लिहिलंय पण बर्थ नंबर नाही, हे पाहून घाबरायचं कारण नाही. फर्स्ट एसीत कुठली केबिन किंवा कूपे आणि कुठला बर्थ हे चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, लागल्यावरच ठरतं. चार्ट पूर्वी गाडी सुटण्याच्या चार तास आधी लागायचा. 2025पासून तो बराच आधी लागतो. हे तास बहुतेक वेळा गाडी जिथून सुटते तिथल्या वेळेवरून मोजतात, बेळगावला येण्याच्या वेळेवरून नाही. त्यामुळे दुपारीच एकदा पीएनआर तपासून ठेवा.

कूपे हवाच असण्याला खरं कारण असेल, म्हणजे शस्त्रक्रिया झालेला रुग्ण किंवा अंगावर पिणारं बाळ, तर चार्ट लागण्याआधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज द्या. बेळगाव दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात येतं आणि मिरज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात, तेव्हा गाडी कुठून सुटते ते पाहून अर्ज कुठं द्यायचा ते ठरवा. चार्ट लागल्यावर काउंटरवर भांडून उपयोग नसतो. तेव्हा विनंती करायची ती गाडीत, टीटीईला.

बर्थ कळल्यावर तो डब्यात कुठं येतो ते बघा. टोकाच्या खोल्या चाकांच्या वर येतात आणि जवळच बाथरूमची दारं, दोन डब्यांमधली खडखड आणि चढ-उताराची वर्दळ असते. मधली खोली सगळ्यात शांत. ती मिळाली नाही तर चौथ्या टप्प्यातली तयारी जास्त मनावर घ्या.

## 3. चढण्याआधी जेवण

घरीच जेवा, आणि गाडीच्या दीड-दोन तास आधी. भाकरी, आमटी-भात, ताक, असं नेहमीचं जेवण. निघायच्या दिवशी तांबडा रस्सा आणि वर "वाटेत लागेल" म्हणून तळलेल्या पुऱ्यांचा डबा, हा बेत जमिनीवर ठीक आहे. हलत्या बर्थवर आडवं झाल्यावर तेच जेवण घशाशी येतं. गाडी संध्याकाळची असेल तर डबा बरोबर घ्या, पण कोरडा घ्या: धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. रस्साभाजीचा वास बंद खोलीतून सकाळपर्यंत जात नाही.

चहा सुटायच्या आधी काय तो घ्या. पाणी संध्याकाळी पोटभर प्या आणि झोपायच्या तासभर आधीपासून घोट घोट. एसीत तोंडाला कोरड पडते म्हणून बाटली उशाशी हवीच, पण निजताना अर्धी बाटली रिकामी केलीत तर मध्यरात्री शिडी उतरणं आलं.

## 4. रात्रीची पिशवी वेगळी

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. चष्म्याचं घर, गोळ्या, मफलर हे सगळं मोठ्या बॅगेच्या तळाशी, बॅग बर्थखाली साखळीनं बांधलेली, आणि समोरच्या बर्थवरचा माणूस झोपलेला. म्हणून एक छोटी कापडी पिशवी घरूनच वेगळी भरा:

- रात्रीची आणि सकाळची औषधं, फक्त त्या दिवसापुरती
- पातळ शाल, मोजे, कानटोपी किंवा मफलर
- कानात घालायला कापूस किंवा इअरप्लग
- डोळ्यांवर बांधायला सुती रुमाल
- कपडे वाळत घालायचे दोन चिमटे
- कालच्या 'तरुण भारत'ची दोन पानं
- छोटी बॅटरी, चप्पल, पाण्याची बाटली
- चार्जर, आणि शक्य असेल तर पॉवर बँक

चिमटे आणि पेपर कशाला ते सातव्या टप्प्यात येईल. पॉवर बँक एवढ्यासाठी की काही डब्यांत रात्री अकरा ते पहाटे पाच चार्जिंगचा पुरवठा बंद ठेवतात. मोबाइल भरायचा तो झोपायच्या आधी.

कपडे घरून निघतानाच सैल घाला. साडी नेसूनच जायचं असेल तर गाऊन या पिशवीत. जीन्स घालून झोपलेल्या माणसाला कंबरेचा पट्टा रात्रभर टोचतो, एवढंच सांगतो.

जपा: विजेची किटली, डासांची अगरबत्ती, उदबत्ती, कापूर असलं काही पेटवायचं किंवा तापवायचं नाही. खोली बंद असते, पडदे आणि ब्लँकेट हाताशी असतात. नियमानं बंदी आहेच, पण नियम नसता तरी हे करू नये.

## 5. डब्यात पाय ठेवल्यावर

गाडी बेळगावहूनच सुटणारी नसेल तर इथं काही मिनिटंच थांबते. डबा कुठं येणार ते फलाटावरच्या फलकावर पाहून तिथंच उभे राहा. आई-वडिलांना सोडायला आलेली चार माणसं खोलीत शिरून फोटो काढत बसतात आणि गाडी हलते. निरोप फलाटावरच उरका.

खोलीत शिरलात की हा क्रम:

मोठ्या बॅगा खालच्या बर्थखाली, चाकं आत आणि मूठ बाहेर. खालच्या कडीला साखळी लावा. फर्स्ट एसीत माणशी सत्तर किलोपर्यंत सामान मोफत असलं तरी बर्थखालची जागा सत्तर किलोची नसते, आणि चौघांच्या खोलीत ती सगळ्यांची असते.

मग दाराची कडी लावून-उघडून पाहा, पांढरे दिवे आणि निळा रात्रदिवा यांची बटणं शोधा, वाचायचा दिवा लागतो का बघा. काही बिघडलं असेल तर अटेंडंटला आत्ताच सांगा. रात्री एकला तो झोपलेला असतो आणि दुरुस्ती करणारा उतरून गेलेला असतो. अटेंडंट बहुधा कन्नड बोलणारा असतो. "इन्नोंदु दिंबु कोडरी" म्हटलं की जास्तीची उशी येते आणि "एसी स्वल्प कम्मी माडरी" म्हटलं की तो थंडीचं बघतो. हिंदीतही काम होतं, पण कन्नडमध्ये लवकर होतं, हे आपल्याकडच्यांना वेगळं सांगायला नको.

चादरी दोन, उशी, ब्लँकेट, टॉवेल असा संच मिळतो. तो मोजून घ्या, पण उघडू नका. टीटीई येऊन तिकीट आणि ओळखपत्र पाहून जाईपर्यंत बसून राहा. कडी लावून, दिवे मालवून पडलात आणि दहा मिनिटांत दारावर थाप आली, की आलेली पहिली झोप गेली. ती परत यायला तास लागतो.

तपासा: टीटीई येऊन गेला? सामान बांधलं? रात्रीची पिशवी हाताशी आहे? तिन्हीचं उत्तर हो असेल तरच पुढे.

## 6. खोलीत परके असतील तर

चार बर्थच्या केबिनमध्ये हे होणारच. टू-टियरच्या तिकिटावर फर्स्ट एसीत बढती मिळालेले (अपग्रेड झालेले) प्रवासीही कधी कधी सोबत येतात. पहिल्या पाच मिनिटांत एकच गोष्ट विचारून घ्या: "काका, तुम्ही कुठं उतरणार?" कोणी दावणगेरेला उतरणार असेल तर भररात्री दिवे लागणार, साखळी वाजणार, बॅगा ओढल्या जाणार. अशा माणसाचा बर्थ वरचा असेल आणि तुमच्यातलं कोणी धडधाकट असेल, तर अदलाबदल करून त्याला खाली घ्या. तो शिडीवरून तुमच्या डोक्याशी उतरण्यापेक्षा हे बरं. त्याची बॅगही आत्ताच दाराजवळ ठेवायला सांगा.

दिवे किती वाजता मालवायचे तेही बोलून घ्या. दहानंतर मोठे दिवे बंद आणि आवाज कमी, हा रेल्वेचाच नियम आहे, त्यामुळे सांगायला संकोच नको. तुमचा आपलाच कुटुंबकबिला असेल तर हा टप्पा सोडा.

बर्थ निवडायची मुभा असेल तर एक बारकावा लक्षात ठेवा. या खोल्यांत बर्थ रुळांना आडवे असतात. ब्रेक लागला की अंग पुढच्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूला सरकतं. ज्या बर्थवर बसल्यावर इंजिनाकडे पाठ होते, तिथं झोपल्यावर ब्रेकनं तुम्ही भिंतीकडे ढकलले जाता. समोरच्या बर्थवर तोच धक्का काठाकडे नेतो. म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला इंजिनाकडे पाठ होणारा बर्थ द्या. लोंढा किंवा मिरजेसारख्या जंक्शनवर इंजिन दुसऱ्या टोकाला लागणार असेल तर अर्थात हिशोब उलटा. कूपेत दोन्ही बर्थ एकाच भिंतीला असतात, तिथं निवड नाही. बर्थच्या काठाशी, चादरीखाली, शालीची गुंडाळी लांब पसरून घाला. तेवढा उंचवटा पुरतो.

## 7. झोत, उजेड, खडखड

अंथरूण घालण्याआधीची वीस मिनिटं इथं घाला. बाकी सगळ्या टप्प्यांपेक्षा याचा फायदा जास्त आहे.

झोत. एसीची हवा छतातून येते, त्यामुळे वरच्या बर्थवर ती थेट आदळते. हात वर करून झोत कुठं पडतो ते बघा. छताच्या जाळीला पट्टी किंवा खुंटी असेल तर तिनं झोत भिंतीकडे वळवा. जाळीत कागद कोंबू नका. हवा फटीतून शिट्टी वाजवत येते आणि झोत फुटून दुसऱ्याच्याच अंगावर जातो. झोत वळतच नसेल तर झोपायची दिशा फिरवा: पायांवर गार हवा आली तर मोजे आहेत, कपाळावर आली तर सकाळी डोकं धरलंच म्हणून समजा. बेळगावच्या थंडीत वाढलेले आपण, एसीचं काय कौतुक, असं म्हणून कानटोपी न घेणारेच पहाटे ब्लँकेट डोक्यावर ओढून बसतात.

उजेड. खिडकीचे पडदे मधोमध जुळत नाहीत, बोटभर फट राहते. हुबळीच्या 1507 मीटर लांबीच्या फलाटावरचे दिवे त्या फटीतून एकामागून एक डोळ्यांवरून जातात, आणि तो फलाट लवकर संपत नाही. दोन चिमटे इथं लावा: एक फटीच्या वर, एक खाली. दाराला काच असेल तर कॉरिडॉरचा दिवाही आत येतो. दाराचा पडदा ओढून घ्या, नसला तर डोळ्यांवर रुमाल. निळा रात्रदिवा चालू राहू द्या. पूर्ण अंधारात शिडीचा अंदाज येत नाही.

खडखड. गाडीचा आवाज झोप मोडत नाही, त्याची सवय होते. मोडते ती मध्येच येणारी टकटक. सगळे गप्प बसून एक मिनिट ऐका. बहुधा आवाज इथून येतो: हँगरला लटकवलेली पिशवी, रिकामी बाटली, बर्थची लोखंडी शिडी, आणि सरकतं दार. पिशवी खाली उतरवा, बाटली जाळीत आडवी ठेवा, शिडीला रुमाल गुंडाळा. दारासाठी पेपरचं एक पान घ्या, त्याच्या चार घड्या करून बोटाएवढी जाड पट्टी बनवा आणि दार व चौकट यांच्यामधल्या फटीत, कमरेच्या उंचीवर सरकवा. टोक दोन इंच बाहेर ठेवा म्हणजे एका हातानं ओढून काढता येईल. दारानं हलणं थांबवलं की खोलीतला निम्मा आवाज गेला.

जपा: दाराला पट्टी लावायची ती सैल. ठोकून बसवलेला लाकडाचा तुकडा, दोरी, बाहेरून कुलूप, असलं काही नको. आग किंवा धूर झाला तर दार अंधारात, एका झटक्यात उघडलं पाहिजे.

## 8. आता अंथरूण

एकदा बाथरूमला जाऊन या. गाडी धारवाड सोडून हुबळीकडे निघाली असेल तर लगेच जा. हुबळीला चढ-उतार फार, मग रांग लागते.

पहिली चादर बर्थवर पसरून भिंतीकडची आणि पायाकडची बाजू गादीखाली खोचा. नुसती टाकली तर तासाभरात कमरेखाली तिचा बोळा होतो. दुसरी चादर ब्लँकेटला आतून लावा आणि वरचं टोक वीतभर ब्लँकेटवर दुमडा, म्हणजे तोंडाला चादरच लागेल. चादरी दर फेरीनंतर धुतल्या जातात. ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा, असं रेल्वेनं 2024मध्ये लोकसभेत सांगितलं आहे. पुढचं तुम्ही ठरवा. मी घरची शाल आत घेतो आणि ब्लँकेट पायांवर.

उशी पातळ वाटली तर खाली टॉवेलची घडी. पाठीवर झोपणाऱ्यांनी गुडघ्यांखाली, कुशीवर झोपणाऱ्यांनी दोन गुडघ्यांच्या मध्ये काहीतरी मऊ घ्यावं. कंबर दुखणाऱ्यांना याचा फरक लगेच कळतो.

डोकं शक्यतो खिडकीकडे आणि पाय दाराकडे. कॉरिडॉरमधली पावलं आणि बोलणं दूर राहतं. खिडकीच्या बाजूचा पत्रा थंडीत गार पडतो, तिथं शालीची घडी उभी लावा.

वरच्या बर्थवर चढणाऱ्यानं पाणी, चष्मा, मोबाइल, बॅटरी आधीच वर ठेवावं. झोपेची गोळी घेणाऱ्यानं वर झोपूच नये. आणि प्रवासापुरती म्हणून अशी गोळी शेजाऱ्याकडून मागून घेऊ नये, डॉक्टरांना विचारावं.

## 9. कडी लावून

कडी आतून लावा आणि एकदा ओढून बघा. पैसे, दागिने, ओळखपत्र एकाच छोट्या पाकिटात, आणि ते उशीच्या खाली नको, उशीच्या खोळीत. खाली ठेवलेलं पाकीट हलत हलत बर्थ आणि भिंतीच्या फटीत जातं. मंगळसूत्र, बांगड्या अंगावर टोचत असतील तर त्या घरीच काढून ठेवायच्या होत्या, गाडीत काढून उशाला ठेवायच्या नाहीत.

गजर दोन लावा. शिवाय 139 या क्रमांकावर डेस्टिनेशन अलर्ट लावता येतो, स्थानक येण्याआधी फोन येतो. परतीच्या प्रवासात याची खरी गरज, कारण बेंगळुरूहून येणाऱ्या सगळ्याच गाड्या बेळगावला संपत नाहीत. राणी चन्नम्मा पुढं मिरजेकडे जाते. झोप जास्तच चांगली लागली तर जाग घटप्रभेला यायची.

## 10. मध्ये जाग आली तर

मोबाइल उघडून गाडी कुठं आली ते पाहू नका. पडद्याचा उजेड आणि "अजून अरसीकेरेच" ही हळहळ, दोन्हींनी झोप उडते. गजर लावलेला आहे, तो उठवेल. थंडी वाजत असेल तर आधी पाय झाका. घसा कोरडा असेल तर एक घोट पाणी आणि नाकावर रुमाल.

संध्याकाळच्या गाडीनं निघालेल्यांनी हुबळी जाईपर्यंत झोपायचा आटापिटा करूच नये. रात्री नऊनंतरच्या गाडीत मात्र टीटीई गेला की लगेच सातव्या टप्प्याला लागा.

गुदमरल्यासारखं झालं, छातीत दुखलं, बाहेर कोणी दार ठोठावत राहिलं, तर आधी अटेंडंटची घंटा, मग 139. ओळख सांगितल्याशिवाय दार उघडू नका. टीटीईलाही नाव आणि बर्थ क्रमांक विचारायला हरकत नाही.

## 11. उतरण्याआधी

उतरायच्या पाऊण तास आधी उठा. बेंगळुरूला जाताना तुमकुरू गेलं की उठायची वेळ झाली. ज्यांचं घर यशवंतपूरच्या बाजूला आहे त्यांनी तिथंच उतरावं, शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन उलटं येऊ नये. परत येताना लोंढा गेलं की तोंड धुवा, खानापूरला बॅगा दाराशी आणा.

आधी बाथरूम, मग साखळी, मग अंथरूण. चादरी-उशी बर्थवरच एकत्र ठेवा, अटेंडंट मोजून घेतो, आणि चुकून टॉवेल बॅगेत गेला नाही ना ते बघा. मग मोबाइलचा उजेड बर्थखाली, भिंतीच्या फटीत आणि वरच्या बर्थच्या कोपऱ्यात मारा. चष्मा, कवळीची डबी आणि चार्जर या तीन वस्तू सर्वांत जास्त मागे राहतात. दाराची पट्टी ओढून काढा, पडद्याचे चिमटे परत पिशवीत टाका.